टोबोटीवरील स्वयंपाकी : नदीवाहतुकीच्या श्रमेतिहासातील एक प्रश्न

अमेरिकेतील मिसिसिपी व ओहायो या नद्यांवरील वाहतुकीचा इतिहास बहुधा कप्तान, पायलट व यंत्रे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. १९०७ साली ‘स्प्रेग’ या वाफेच्या टोबोटीने ६० बार्जांतून ६७,३०७ टन कोळसा एकाच खेपेस नेला, ही नोंद त्या इतिहासात सन्मानाने झळकते. असा प्रचंड भार हाकणाऱ्या माणसांना रोज वेळेवर रांधून घालणाऱ्याचे स्थान मात्र अस्पष्टच राहते. बोटीवरचा स्वयंपाकी हा खलाशी की केवळ घरगडी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु वेतन, कामाचे तास व अपघाताची भरपाई या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून होत्या.

‘टो’ या शब्दाचा अर्थ ओढणे असा असला, तरी या नद्यांवरील टोबोट बार्ज ओढीत नाही. पोलादी दोरांनी एकत्र जखडलेले बार्ज ती आपल्या सपाट नाळेने पुढे ढकलते. अप्पर मिसिसिपीवर अशा ताफ्यात साधारणतः १५ बार्ज असतात. दहाएक माणसे आठवडेच्या आठवडे बोटीवर राहतात व सहा-सहा तासांच्या पाळ्यांनी रात्रंदिवस काम करतात. पाळी बदलते सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा व मध्यरात्री. सबब जेवणे साडेपाच, साडेअकरा व पुन्हा साडेपाच या ठोक्यांना मांडावी लागतात : कामावर जाणारे आधी जेवतात, सुटलेले मागाहून. स्वयंपाकी स्वतः कोणत्याच पाळीत नसतो. तथापि दोन्ही पाळ्या त्याच्या घड्याळावर चालतात. पहाटेच्या अंधारात चूल पेटवावयाची आणि रात्रीची भांडी आवरेपर्यंत विसावा तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाचा, असा त्याचा दिवस. शिधा संपला म्हणून बोट थांबत नाही. काठावरून निघालेली लहान होडी चालत्या बोटीस लागून सामान चढविते. त्यामुळे पुढील बेत आधी आखून ठेवणे हेही त्याच्याच कामात येते.

या व्यवसायाची पूर्वपीठिका उतारूंच्या आगबोटींवर सापडते. यादवी युद्धापूर्वी या बोटींवरील आचारी, वाढपी व झाडलोट करणाऱ्या स्त्रिया यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा भरणा मोठा होता. त्यांतील काही स्वतंत्र होते. पुष्कळ मात्र गुलाम असून त्यांचे मालक त्यांना बोटवाल्यांकडे भाड्याने देत व मजुरी स्वतः घेत. पुढे लेखक म्हणून नावारूपास आलेला विल्यम वेल्स ब्राउन यानेही अशा बोटींवर चाकरी केली. १ जानेवारी १८३४ रोजी सिनसिनाटी येथे बोटीवरून उतरून तो निसटला. त्याचे आत्मकथन १८४७ साली प्रसिद्ध झाले. भटारखान्यातील व दिवाणखान्यातील चाकरी ही दास्याचीच एक तऱ्हा होती; परंतु मुक्त राज्यांचा किनारा दृष्टीस पाडणारीही तीच होती.

रेल्वेच्या स्पर्धेने उतारूंची वाहतूक ओसरली व कोळशासारख्या जड मालाची ने-आण पुढे आली. ओहायोचे बंधारे व जलपाश १९२९ मध्ये पूर्ण झाले, अप्पर मिसिसिपीवरील बहुतेक १९३० नंतरच्या दशकात उभे राहिले. वाफेची जागाही क्रमाक्रमाने डिझेलने घेतली. या स्थित्यंतराने भटारखान्याचे स्वरूप पालटले. उतारूंची पंगत गेली. उरली ती फक्त बोटीवरील कामकऱ्यांची. हे काम पुढे अनेक बोटींवर स्त्रियांकडे आले, आणि पुरुषांच्या त्या जगात कित्येकदा स्वयंपाकीण ही एकटीच स्त्री असे.

कायद्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरला. जुन्या नाविक कायद्यात सुकाणू, शिडे व दोर सांभाळणारा तोच खलाशी मानला जाई. एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी त्या संज्ञेत आचाऱ्यासही सामावून घेतले. १९२० च्या जोन्स कायद्याने, मालकाच्या हयगयीमुळे इजा झाल्यास दावा लावण्याचा हक्क खलाशास दिला. उकळत्या कढया व डुलती जमीन यांमध्ये वावरणाऱ्यास या हक्काचे मोल सांगावयास नको. परंतु १९३८ च्या श्रममान कायद्याने त्याच खलाशास किमान वेतन व जादा कामाचा मोबदला या दोहोंतून वगळले. १९६१ च्या दुरुस्तीने अमेरिकी जहाजांवरील खलाशांस किमान वेतन लागू झाले. जादा तासांची सवलत मात्र मालकांकडेच राहिली. श्रमखात्याच्या नियमांत खलाशांच्या यादीत आचाऱ्याचे नाव स्पष्ट आहे. अट एवढीच की, त्याचे काम जहाज चालविण्यास साहाय्यभूत असावे. म्हणजे तो कोणासाठी रांधतो यावरून त्याचा दर्जा ठरावयाचा.

१९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खलाशी ठरण्यास नौकानयनाशी प्रत्यक्ष संबंध आवश्यक नाही, जहाजाच्या कार्यास हातभार लागला म्हणजे पुरे, असा निर्णय दिला. तो आचाऱ्याविषयीच्या खटल्यात दिलेला नव्हता. परंतु भटारखान्यातील श्रमांचे तत्त्व त्याने अधिक दृढ केले. आपल्याकडील खलाशांच्या बोलीत आचाऱ्यास ‘भंडारी’ म्हणजे कोठीचा अधिकारी म्हणत आणि सारंग, टंडेल यांच्याबरोबरच त्याची गणना होई. अमेरिकी कायद्याला ज्या निष्कर्षाप्रत पोहोचण्यास दीर्घकाळ लागला, तो या एका शब्दात आधीच गृहीत होता.

तथापि या मान्यतेचा लाभ एकेरी नव्हता. खलाशी ठरल्याने स्वयंपाकिणीस इजेपासून संरक्षण मिळाले आणि त्याच कारणाने तिच्या पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या तासांची मोजदाद संपली. दर्जा आणि मोबदला एकाच वाटेने चालतात हे गृहीतक श्रमेतिहासाच्या अभ्यासकाने सावधपणे तपासावयास हवे, हे टोबोटीच्या चुलीवरून ध्यानात येते.