ओपनऑफिसचा चार्ज कुणी घेतला?



या मालिकेत आपण बहुतेक वेळा पलटणींच्या आणि लढायांच्या इतिहासात असतो. आज एका सॉफ्टवेअरचा इतिहास सांगणार आहे. फौजेत राहिलेल्यांना त्यातली मुख्य गोष्ट चटकन कळेल, कारण ती चार्ज देण्या-घेण्याची आहे. आमच्याकडे बदली झाली की स्टोअर मोजायचं, लेजर जुळवायचं, किल्ल्या द्यायच्या आणि दोघांनी सह्या करायच्या. कागद बिनचूक होतो. पण त्याच आठवड्यात युनिटमधले जुने सुभेदार आणि क्वार्टरमास्टर हवालदारही निघून गेले, तर नव्या साहेबाच्या हाती नुसतं लेजर राहतं. जून २०११ मध्ये ओपनऑफिस अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे गेलं, तेव्हा बरंचसं हेच झालं.

सुरुवात जर्मनीतली. मार्को ब्योरिस या शाळकरी वयाच्या मुलानं १९८५ मध्ये ल्यूनेबुर्ग गावात स्टारडिव्हिजन नावाची कंपनी काढली. पत्रं लिहायचं, हिशेबाचे तक्ते करायचं तिचं सॉफ्टवेअर पुढे स्टारऑफिस म्हणून ओळखलं गेलं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सनं ही कंपनी विकत घेतली. सनचं आणि मायक्रोसॉफ्टचं हाडवैर होतं. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट ऑफिसला फुकटचा पर्याय उभा करणं सनच्या फायद्याचंच होतं. १३ ऑक्टोबर २००० रोजी त्यांनी सगळा सोर्स कोड जगाला खुला केला. कुणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. ‘ओपनऑफिस’ हे नाव आधीच दुसऱ्यांकडे असल्यानं प्रकल्पाचं नाव ‘ओपनऑफिस डॉट ओआरजी’ ठेवलं. ही शेपटी लोक बोलताना लावत नसत, मीही लावणार नाही.

हे सॉफ्टवेअर आपल्याकडेही आलं. २००५ मध्ये केंद्र सरकारनं तमिळ आणि हिंदी सॉफ्टवेअरच्या मोफत सीडी वाटल्या, त्यांत ओपनऑफिसचं भारतीय भाषांतलं रूप होतं. अनेकांना घरच्या संगणकावर आपल्या भाषेत पत्र लिहिण्याची सोय त्यातून मिळाली.

आता तो कागद, ज्याच्याभोवती ही सगळी गोष्ट फिरते. बाहेरच्या प्रोग्रॅमरला आपला कोड ओपनऑफिसमध्ये घालायचा असेल, तर त्याला सनबरोबर एका करारावर सही करावी लागे. त्या करारानं कोडच्या कॉपीराइटमध्ये सन बरोबरीची भागीदार होई. लेखकाचा हक्क राही, पण सनलाही त्या कोडचं हवं ते करता येई. तो दुसऱ्या परवान्याखाली देता येई, आपल्या विकाऊ स्टारऑफिसमध्ये वापरता येई. शेकडो लोकांचे तुकडे जोडून तयार झालेल्या त्या गोधडीवर सगळीकडे हक्क असलेला एकच मालक होता, तो म्हणजे सन.

अनेकांना हे खुपायचं. नॉव्हेल कंपनीतले प्रोग्रॅमर तर आपल्या सुधारणा सनकडे न देता वेगळ्या ठेवू लागले होते आणि ‘गो-ओओ’ नावाची आपली आवृत्ती चालवत होते. बरं, २००० साली प्रकल्प जाहीर करताना सननं स्वतंत्र फाउंडेशनची भाषा केली होती, तीही अपाचेच्या धर्तीवर. दहा वर्षं ते फाउंडेशन निघालं नाही. माझ्या मते पुढच्या साऱ्या त्रासाचं मूळ इथेच आहे. मालक चांगला आहे तोवर मालकी कुणाची हा प्रश्न लोक पुढे ढकलतात. मग मालक बदलतो.

तो जानेवारी २०१० मध्ये बदलला. ओरॅकलनं सन विकत घेतली, आणि ते भागीदारीचे सगळे कागद आपसूक ओरॅकलच्या कपाटात गेले. ज्यांनी सनला सही दिली होती, त्यांना कुणी विचारायला आलं नाही. कायद्यानं विचारायची गरजही नव्हती.

२८ सप्टेंबर २०१० रोजी प्रकल्पातल्या जुन्याजाणत्या मंडळींनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ जाहीर केलं. त्यांनी तोच कोड घेतला, नाव लिब्रेऑफिस ठेवलं, आणि ओरॅकलला निमंत्रण दिलं की तुम्हीही या, ओपनऑफिस हे नाव आम्हाला द्या. ओरॅकलनं नाव दिलं नाही. उलट ऑक्टोबरमध्ये, हितसंबंधांचं कारण देऊन, नव्या संस्थेत गेलेल्यांनी ओपनऑफिसच्या कौन्सिलमधून बाहेर पडावं असं सांगितलं. ती मंडळी पडली. जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिसची पहिली पक्की आवृत्ती आली आणि एप्रिलमध्ये उबुंटूनं ओपनऑफिसच्या जागी तीच दिली. नव्या संस्थेला जर्मन कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी ५० हजार युरोंचं भांडवल हवं होतं, ते लोकांनी वर्गणी काढून काही दिवसांत उभं केलं. माणसं कुठे गेली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

त्यानंतर एप्रिल २०११ मध्ये ओरॅकलनं सांगितलं की ओपनऑफिसच्या धंद्यातून आम्ही बाहेर पडतो. १ जूनला ओपनऑफिस अपाचेला देऊ केलं. आता तो जुना कागद पुन्हा आठवा. अपाचेकडे येणारा कोड अपाचेच्याच परवान्याखाली यावा लागतो, आणि ओपनऑफिस तर वेगळ्या परवान्याखाली, एलजीपीएलखाली, होतं. शेकडो लेखकांची संमती गोळा करायची म्हटली असती तर वर्षं गेली असती. पण ज्या सहीनं लोक दुरावले होते, त्याच सहीच्या जोरावर ओरॅकलला एकट्यानं परवाना बदलून सगळं देता आलं. डॉक्युमेंट फाउंडेशनकडे माणसं होती, हा अधिकार नव्हता.

परवान्यातला फरक समजून घ्या. एलजीपीएलखालच्या कोडमध्ये तुम्ही सुधारणा करून तो वाटलात, तर त्या सुधारणाही खुल्या कराव्या लागतात. अपाचेच्या परवान्यात तसं बंधन नाही, कंपनी आपली भर झाकून ठेवू शकते. आयबीएमचं लोटस सिंफनी ओपनऑफिसच्याच पायावर उभं होतं, आणि अपाचेकडे देण्याला आयबीएमनं उघड पाठिंबा दिला. यात लपवाछपवी नव्हती. पण परिणाम असा झाला, की अपाचेचा कोड लिब्रेऑफिसला घेता येई आणि लिब्रेऑफिसचा कोड अपाचेला घेता येत नसे. पाणी एकाच बाजूला वाहणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

अपाचे ही साधी संस्था नव्हे. १९९९ पासूनची, स्वयंसेवकांची, शिस्तीची. बाहेरून आलेल्या प्रकल्पाला ती एकदम पंगतीला बसवत नाही. आधी ‘इनक्युबेटर’ नावाच्या उमेदवारीत ठेवते. मार्गदर्शक नेमले जातात, कोडच्या मालकीचे कागद तपासले जातात, नावावर दुसऱ्याचा हक्क नाही ना ते पाहिलं जातं, ठरावीक मुदतीनं अहवाल मागितले जातात. प्रकल्प एकाच कंपनीच्या पगारावर चालत नाही ना, हेही बघतात. रंगरूट ट्रेनिंगच म्हणा. सबव्हर्जन या प्रोग्रॅमर लोकांच्या हत्याराची उमेदवारी नोव्हेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१० एवढ्यात आटोपली. त्याचा परवाना अपाचेच्याच वळणाचा होता, कामाची रीत तीच होती, आणि ते घडवणारे काही जण आधीपासून अपाचेचे सभासद होते. सगळे एकत्र आले. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर संस्थानं विलीन झाल्यावर कोल्हापूरची राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फन्ट्रीत आली, ती जवानांसकट आली.

ओपनऑफिसला मात्र सोळा महिने लागले. कारण अपाचेच्या नियमात न बसणारे दुसऱ्यांचे भाग एकेक करून काढायचे किंवा बदलायचे होते. पहिली अपाचे आवृत्ती ३.४ मे २०१२ मध्ये आली, ऑक्टोबरमध्ये उमेदवारी संपली. तेवढ्या काळात लिब्रेऑफिसच्या अनेक आवृत्त्या निघून गेल्या होत्या. ज्यांनी अपाचेत हे किचकट, न दिसणारं काम केलं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. घर झाडून घेण्यात त्यांचं वर्ष गेलं.

पुढे आयबीएमचा रस उतरला आणि माणसं आणखी कमी झाली. २०१६ मध्ये सुरक्षेतली एक फट उघड झाली, तेव्हा ती बुजवलेली नवी आवृत्ती वेळेवर काढायला पुरेसे हात नव्हते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकल्प समितीच्या अध्यक्षांनीच विचारलं, की हा प्रकल्प बंद करायची वेळ आली का? वाद झाला, काही जण पुन्हा कामाला लागले, ऑक्टोबरमध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. प्रकल्प बंद झाला नाही.

याचं एक कारण नाव. ओपनऑफिस हे नाव लोकांच्या तोंडी इतकं बसलं होतं की ते शोधून उतरवून घेणारे थांबेचनात. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोड खुला झाल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, अपाचेनं ३० कोटींहून अधिक डाउनलोडचा आकडा सांगितला. त्याच आठवड्यात डॉक्युमेंट फाउंडेशननं खुलं पत्र लिहून अपाचेला विनंती केली, की तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना निदान लिब्रेऑफिस आहे एवढं तरी सांगा. त्यानंतरही दोन्ही घरं वेगळीच राहिली.

तुमच्यापैकी ज्यांच्या संगणकावर अजून ओपनऑफिस आहे, त्यांनी ‘मदत’ मेनूत जाऊन आवृत्ती कुठली आणि केव्हाची ते पाहून घ्या. मी लिब्रेऑफिस वापरतो, त्यात मेनू मराठीतही मिळतात. जुन्या ओडीटी फाइली दोन्हींत उघडतात, कारण तो साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि तो कुठल्याच एका घराचा नाही.