खामगावचा कापूस आणि बचतीचा हिशेब

इ. स. १८७० साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब ते खामगाव या अवघ्या आठेक मैलांच्या लोहमार्गाचे उद्घाटन केले. एवढ्या तोकड्या फाट्यासाठी साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने वऱ्हाडात यावे याचे ज्यांना नवल वाटेल, त्यांनी त्या काळच्या खामगावच्या बाजाराकडे पाहावे. १८२०च्या सुमारास तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस घेऊन बसलेल्या चार दुकानदारांनी मांडलेली ही पेठ, हैदराबादच्या निजामाने फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर झपाट्याने वाढली. आणि अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तोडला, तेव्हा तिच्यावर विलायतेतील गिरणीवाल्यांची नजर खिळली.

या पेठेच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा घडलेली दिसते, आणि विजेची बचत करणारी उपकरणे घरोघर पोचली म्हणजे देशाचा वीजखप आपोआप उतरेल असे मानणाऱ्यांनी ती लक्षात घेण्याजोगी आहे. ती अशी की, काम करण्याची एखादी काटकसरीची रीत हाती आली म्हणजे त्या कामाला लागणारे बळ, मग ते माणसाचे असो, बैलाचे असो वा वाफेचे, दर मणामागे घटते. आणि दर मणामागे घटले या कारणानेच एकंदरीत वाढत जाते.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर लादून सुमारे पाचशे मैलांवरील मिर्झापूरला, म्हणजे गंगेच्या काठी नेला जाई. १८२५च्या सुमारास मुंबईच्या मेहेरजी बंधूंसारख्या पारशी व्यापाऱ्यांनी तो मुंबईकडे वळवण्याचा मोठा उद्योग आरंभिला, तरी वाहन बैलाचेच राहिले. वाटेत धूळ, पाऊस, जकातीची नाकी आणि चाऱ्याची टंचाई ही ठरलेलीच असल्यामुळे, कापूस मुक्कामी पोचेपर्यंत त्याच्या मूळ किमतीवर वाहतुकीचा भला मोठा बोजा चढे. त्याआधी गावातल्या गावात त्याची सरकी निघालेली असे. कास्तकाराच्या ओसरीवर चरकी मांडून बाई बसे. उजव्या हाताने दांडा फिरवी आणि डाव्या हाताने दोन लाटांच्या फटीत कपाशीची बोंडे सारी. लाटांपलीकडे रुई निघे, अलीकडे सरकी गळून पडे, आणि दिवसभर राबून काही शेर रुई पदरात पडे. चरकीचा हा वेग आणि बैलाची ती चाल यांनीच वऱ्हाडात कापूस किती पेरावा याची मर्यादा घालून दिली होती. ही मर्यादा कोणा सरकारने ठरवलेली नव्हती. ती शरीराच्या थकव्याने ठरवली होती.

ती मर्यादा वाफेने मोडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा वऱ्हाडातून जाऊन १८६७ साली नागपूरला भिडला. पाठोपाठ सरकी काढणारे जिन आले, रुई दाबून तिच्या घट्ट गाठी बांधणारे प्रेस आले. ७८४ पौंडांची खंडी, तिची अर्धी म्हणजे ३९२ पौंडांची गाठ, हे माप मुंबईच्या बाजारात रूढ झाले. गाठ जितकी घट्ट, तितकी एका डब्यात अधिक रुई मावणार, आणि एका गाठीच्या वाहतुकीला तितके इंधन कमी लागणार, हा हिशेब चोख होता व तो खराही ठरला. परंतु इंधन वाचले म्हणून गाड्या कमी धावल्या नाहीत. वाहतूक स्वस्त झाल्यामुळे ज्या रानात पूर्वी ज्वारी पिके तेथेही कापूस परवडू लागला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील पेरणीखालच्या जमिनीचा तिसऱ्याहून मोठा हिस्सा या एका पिकाने व्यापला. प्रारंभी विलायती कोळसा आणि जंगलाचे लाकूड यांवर चालणाऱ्या या व्यवस्थेला पुढे चांद्याकडील वरोऱ्याची खाण लाभली. १८७१ पासून १९०६ पर्यंत ती सरकारने चालवली, आणि तिचा कोळसा रेल्वेने व गिरण्यांनी फस्त केला. तांड्यांचा धंदा बुडाला. पण बैलाच्या मानेवरचे जू काही उतरले नाही. लांबचा पल्ला रेल्वेकडे गेल्यावर गावोगावचा कापूस स्टेशनाकडे ओढण्याचे काम बैलबंड्यांकडे आले, आणि हंगामात बाजाराचे आवार बंड्यांनी गजबजू लागले.

खामगाव असे भरभराटीला येत असतानाच, १८६५ साली, विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने आपल्या देशाच्या कोळशाचा प्रश्न एका ग्रंथात मांडला. वॅटच्या सुधारित एंजिनामुळे कोळसा वाचेल आणि इंग्लंडच्या खाणी अधिक काळ पुरतील, अशी लोकांची समजूत होती. जेव्हन्सने ती उलटी करून दाखवली. स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंड गाळण्यास लागणारा कोळसा पूर्वीच्या एक-तृतीयांशाहूनही खाली आला, आणि १८३० ते १८६३ या काळात तेथील कोळशाचा एकूण खप दसपट झाला, हा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. एखादी वस्तू काटकसरीने वापरता येऊ लागली की तिची उपयुक्तता स्वस्त होते, स्वस्ताईमुळे गिऱ्हाईक वाढते, आणि ज्यांना पूर्वी ती परवडत नव्हती असे नवे उद्योग तिच्याभोवती उभे राहतात, हे त्याच्या विवेचनाचे सार होय. खामगावच्या अडत्यांनी जेव्हन्सचे नावही ऐकले नसेल; परंतु त्याच्या सिद्धांताची प्रचीती त्यांच्या वखारींत दरसाल येत होती.

हीच कथा खामगाव परिसरातील विहिरींवर दुसऱ्यांदा घडली. मोटेच्या काळी चामड्याची मोट, तिचे वजन पेलणारा जाड नाडा, तिची सोंड आवळून धरणारा बारीक सोंदूर आणि धावेवरून खाली-वर करणारी बैलजोडी, एवढा सरंजाम लागे; थारोळ्यात ओतलेले पाणी पाटाने वाफ्यात जाई. दुपार चढली की बैल दमत, मोटकरी त्यांना सोडी, आणि तेवढ्या अवधीत काळ्या पाषाणाच्या फटींतून विहिरीला पाझरण्यास उसंत मिळे. पुढे तेलाचे इंजिन आले, आणि १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या तारा जसजशा शिवारात पोचल्या तसतशी विजेची मोटार आली. बैलाच्या मानाने तिने उपसलेले पाणी स्वस्त पडले यात शंका नाही. पण मोटारीला दुपार नसते. त्यातच असंख्य कृषिपंपांची आकारणी मीटरवर न होता अश्वशक्तीवर ठोक होऊ लागली, तेव्हा मोटार दोन तास चालवली काय आणि दहा तास चालवली काय, देयक तेवढेच. आता आलेल्या सौर पंपाने तर, तो एकदा बसला म्हणजे, तासागणिक पडणारा खर्चच पुसून टाकला आहे. विहिरी खोल गेल्या, शेजारी बोअर झाले, आणि तेच पाणी अधिक खोलीवरून काढण्यासाठी अधिक ताकदीच्या मोटारी बसल्या.

ठिबक सिंचनाने ही वाट उलट फिरेल अशी अपेक्षा होती. शेजारच्या जळगावात ज्याचा मोठा उद्योग उभा राहिला ते हे तंत्र मुळाशी थेंब-थेंब पाणी देते आणि दर झाडामागे निश्चित बचत करते. त्याची थोरवी नाकारण्याचे काहीच कारण नाही. पण वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही. ते कोरडवाहू पट्टीला ओलिताखाली आणते, ज्वारीच्या जागी संत्र्याची बाग उभी करते, एका पिकाच्या जागी दोन पिके घेववते. शिवाय, पाटाने दिलेल्या पाण्यातील जो भाग पूर्वी पुन्हा जमिनीत मुरत असे, तोही घटतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली नाना देशांचे अनुभव तपासले, तेव्हा पाणीवापरावर आधी मर्यादा घातली नसेल तर आधुनिक सिंचनाने एकूण वापर बहुधा घटत नाही, उलट वाढतो, असाच निष्कर्ष निघाला.

मात्र हा सिद्धांत सरसकट लागू करणे हा जेव्हन्सवरही अन्याय होईल. २०१५ नंतर सरकारी योजनेतून स्वस्तात मिळालेला नऊ वॅटचा एलईडी दिवा साठ वॅटच्या जुन्या बल्बाच्या जागी बसला, म्हणून कोणी स्वयंपाकघरात सहा दिवे लावून बसत नाही. अंगणात एखादा वाढतो, दुकानाच्या पाटीवर चार वाढतात. तरी डोळ्यांना लागणारा उजेड लवकर पुरा होतो, आणि बचतीचा बराच अंश शिल्लक राहतो. जेथे गरज भागणारी असते तेथे काटकसर टिकते. जेथे गरजेला तळ नसतो तेथे ती वाहून जाते. लँकेशायरच्या चात्यांची भूक खामगावच्या एका हंगामाने भागणारी नव्हती, आणि बाजारभावाच्या मागे धावणाऱ्या ओलिताची तहानही एका विहिरीने भागणारी नाही. फरक यंत्रात नसून मागणीच्या स्वरूपात आहे. म्हणूनच यंत्राच्या गुणवत्तेवरून एकूण खपाचे भाकीत करू गेल्यास ते फसते.

मग ज्या गोष्टींना तळ नाही त्यांना तळ घालून द्यावा लागतो, आणि महाराष्ट्रात ते काही ठिकाणी झालेले आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावापासून पाणी पंचायतीचा जो प्रयोग चालवला, त्यात पाण्याचा हिस्सा जमिनीच्या क्षेत्रावर न ठेवता माणसांवर ठेवला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, आणि ऊस बंद. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली आणि वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवण्याचा शिरस्ता घातला. अशा गावात ठिबक बसले तर त्याने वाचवलेला थेंब खरोखर वाचतो, कारण तो कोठे जावा हे आधीच ठरलेले असते. विजेचेही तेच आहे. मीटर, चढता दर आणि फिडरनिहाय वाटा यांवाचून वाटलेले काटकसरी पंप म्हणजे मोठ्या उपशाला दिलेला परवानाच होय. म्हणून काटकसरीचे उपकरण अवश्य घ्यावे, परंतु त्याच्या आधी एकूण किती वापरायचे याचा ठराव करावा. कारण उपकरण दर मणाचा हिशेब ठेवते, आणि एकूण मणांचा हिशेब ठेवणे हे समाजाचे व सरकारचे काम आहे.