जुन्या मोटारींतील गोठणरोधी द्रव

गोठणरोधी द्रव हा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या शीतन यंत्रणेत पाण्याबरोबर मिसळून वापरला जाणारा द्रव होय. व्यवहारात त्याला अँटिफ्रीझ किंवा कूलंट म्हणतात. त्याचा मुख्य घटक बहुधा इथिलीन ग्लायकॉल हा असून त्यात क्षरण रोखणारी रसायने अल्प प्रमाणात मिसळलेली असतात. नव्या मोटारीसाठी कोणता द्रव वापरावा हे तिच्या पुस्तिकेत स्पष्ट दिलेले असते. जुन्या मोटारींच्या बाबतीत तसे नसते. त्यांच्या पुस्तिका छापल्या गेल्या तेव्हा बाजारात जवळजवळ एकाच रासायनिक प्रकारचा द्रव मिळत असे, त्यामुळे अनेक पुस्तिकांत केवळ ‘चांगल्या प्रतीचा गोठणरोधी द्रव’ एवढाच उल्लेख आढळतो. १९९० च्या दशकानंतर निराळ्या रचनेचे द्रव बाजारात आले आणि निवडीचा प्रश्न निर्माण झाला. चुकीच्या निवडीचे परिणाम लगेच दिसत नाहीत. ते दिसू लागेपर्यंत रेडिएटर किंवा हेड निकामी होण्याच्या बेतात आलेले असते, आणि उत्पादन थांबलेल्या गाडीचे हे भाग सहजी मिळत नाहीत.

कार्य

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. इंजिनाच्या ब्लॉकमधील पाण्याच्या वाटांत असे घडल्यास बिडाच्या जाड भिंतीही तडकतात. मोटारींच्या आरंभीच्या काळात थंड प्रदेशांतील मालक रात्री रेडिएटर रिकामा करून ठेवत. पाण्यात मीठवर्गीय क्षार, मध, ग्लिसरीन, अल्कोहोल असे नाना पदार्थ मिसळून पाहिले गेले. कॅल्शियम क्लोराइडने गोठणे टळे, परंतु धातू झपाट्याने खाल्ला जाई. मिथेनॉल स्वस्त व परिणामकारक होते. मात्र ते ६५ अंश सेल्सियसलाच उकळत असल्याने चालत्या गाडीतून उडून जाई व हिवाळ्यात पुन्हापुन्हा भरावे लागे. इथिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १९७ अंश असल्याने ही अडचण दूर झाली. अमेरिकेत १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारींसाठी विक्रीस आले आणि पुढील दोन-तीन दशकांत अल्कोहोल मागे पडले.

शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. पाण्याबरोबरचे त्याचे मिश्रण दोन्ही घटकांपेक्षा बरेच खाली गोठते. आकारमानाने एक तृतीयांश ग्लायकॉल असल्यास उणे १८ अंशांच्या सुमारास आणि निम्मे असल्यास उणे ३७ अंशांच्या सुमारास गोठण सुरू होते. ग्लायकॉलचे प्रमाण दोन तृतीयांशाच्या पलीकडे नेल्यास गोठणबिंदू पुन्हा वर चढू लागतो. शिवाय ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते. जास्त द्रव म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुकीची ठरते. ब्रिटनच्या प्रसिद्ध मर्लिन विमान-इंजिनात आरंभी शुद्ध ग्लायकॉल वापरले जाई; पुढे ३० टक्के ग्लायकॉल व ७० टक्के पाणी असे मिश्रण दाबाखाली वापरणे अधिक सोयीचे ठरले.

महाराष्ट्र, गोवा यांसारख्या प्रदेशांत गोठण्याचा प्रश्नच नसतो. त्यामुळे येथे ‘अँटिफ्रीझ’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. थंडी नाही म्हणून द्रव नको, असा विचार करून कित्येक ॲम्बॅसिडर व प्रीमियर पद्मिनी गाड्या नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर वर्षानुवर्षे चालवल्या गेल्या. उष्ण प्रदेशातही या द्रवाची दोन कामे उरतातच. एक, मिश्रणाचा उत्कलनबिंदू थोडा वाढवणे. निम्म्या प्रमाणाचे मिश्रण सामान्य वायुदाबाला १०७ अंशांच्या सुमारास उकळते. दुसरे व अधिक महत्त्वाचे, धातूंचे क्षरण रोखणे. घाटात रेडिएटर उकळण्याचे खापर अनेकदा चढावर फोडले जाते, पण पुष्कळदा खरे कारण गंजाने व क्षारांच्या थराने अरुंद झालेल्या नळ्या हे असते.

जुन्या इंजिनांतील धातू

१९८० पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचा इंजिन ब्लॉक बिडाचा असतो. ॲम्बॅसिडरमध्ये दीर्घकाळ वापरलेल्या १४८९ घन सेंटिमीटरच्या ब्रिटिश बनावटीच्या इंजिनाचे हेडही बिडाचेच होते. कुर्ला येथे तयार होणाऱ्या पद्मिनीच्या, म्हणजे मूळच्या फियाट ११०० च्या, इंजिनात ब्लॉक बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचे होते. रेडिएटर तांब्या-पितळेचा असून त्याचे सांधे शिसे व कथिल यांच्या डाखाने जोडलेले असत. म्हणजे एकाच पाण्यात बीड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ आणि डाख असे पाच निरनिराळे धातू बुडालेले असतात. क्षारयुक्त पाण्यात असे धातू एकत्र आले की विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते व त्यांतील दुर्बळ धातू झिजतो. ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या गाड्यांत ही झीज हेड गॅस्केटच्या कडेला, पाण्याच्या छिद्रांभोवती प्रथम आढळते. १९७० ते १९७७ या काळात बनलेली ‘ट्रायम्फ स्टॅग’ ही ब्रिटिश गाडी बिडाचा ब्लॉक व ॲल्युमिनियमची हेडे यांच्या संयोगामुळे तापण्याबद्दल प्रसिद्ध झाली. तिच्यात क्षरणरोधक द्रव बारमाही ठेवण्याचा सल्ला जाणकार आजही देतात.

फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या गाड्यांना हा द्रव लागतच नाही.

क्षरणरोधकांचे प्रकार

डब्यातील द्रवात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ग्लायकॉलचा असतो. निवडीच्या दृष्टीने महत्त्व आहे ते उरलेल्या थोड्या भागाला.

पारंपरिक किंवा असेंद्रिय प्रकारात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट यांपैकी काही क्षार असतात. सिलिकेट ॲल्युमिनियमवर चटकन पातळ संरक्षक थर चढवते. नायट्राइट बिडाला जपते आणि बोरेट द्रवाची अल्कधर्मिता टिकवून धरते. तांब्या-पितळेसाठी ट्रायाझोल गटातील संयुग वेगळे मिसळलेले असते. हे क्षार कामात खर्च होतात, म्हणून असा द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा लागतो.

सेंद्रिय आम्ल प्रकारात वरील क्षारांऐवजी कार्बोक्सिलिक आम्लांचे क्षार असतात. ते संपूर्ण पृष्ठभागावर थर चढवत नाहीत, क्षरणास आरंभ झालेल्या जागीच क्रिया करतात. त्यामुळे ते फार सावकाश खर्च होतात व द्रव पाच वर्षे किंवा अधिक टिकतो. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर आणलेला ‘डेक्स-कूल’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. तिसरा, संकरित प्रकार सेंद्रिय आम्लांत थोडे सिलिकेट किंवा फॉस्फेट मिसळून केलेला असतो. युरोपातील पाणी कठीण असल्याने तेथील उत्पादक फॉस्फेट टाळून सिलिकेट वापरतात, तर जपानी उत्पादकांचा कल सिलिकेट टाळून फॉस्फेट वापरण्याकडे आहे.

निवड

तांब्या-पितळेचा डाखी रेडिएटर आणि बिडाचा ब्लॉक असलेल्या गाडीसाठी सिलिकेटयुक्त पारंपरिक द्रव हाच सुरक्षित पर्याय मानला जातो. यामागे तीन कारणे आहेत. अनेक सेंद्रिय द्रवांत वापरले जाणारे २-इथिलहेक्झानोइक आम्ल शिशाच्या डाखाला व काही जुन्या गॅस्केटांना बाधक ठरू शकते. त्याच्या प्रमाणाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तथापि दुरुस्तीचा खर्च पाहता धोका पत्करण्यात लाभ दिसत नाही. दुसरे, सेंद्रिय द्रव पूर्ण भरलेल्या, हवाबंद यंत्रणेसाठी घडवलेले असतात. जुन्या रेडिएटरच्या वरच्या टाकीत हवेची पोकळी असते आणि जादा द्रव नळीवाटे रस्त्यावर सांडतो. तिसरे कारण साधे आहे. सेंद्रिय द्रवाचा खरा फायदा म्हणजे दीर्घायुष्य, आणि जुन्या गाडीत थोडीबहुत गळती, वारंवारची दुरुस्ती यांमुळे तो फायदा क्वचितच पदरात पडतो.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर व प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या, १९९० च्या आसपासच्या व नंतरच्या गाड्यांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही. त्यांत उत्पादकाने सांगितलेला प्रकारच वापरणे योग्य. जुन्या गाडीत नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवलेला असल्यास मिश्र धातूंचा विचार करून पारंपरिक किंवा सिलिकेटयुक्त संकरित द्रव घेतला जातो.

डब्यावरील प्रमाणांकन पाहणे उपयुक्त ठरते. भारतीय मानक आयएस ५७५९, ब्रिटिश मानक बीएस ६५८० आणि अमेरिकन एएसटीएम डी ३३०६ ही परिचित मानके होत. क्षरणाच्या एका प्रचलित अमेरिकन चाचणीत तांबे, डाख, पितळ, पोलाद, बीड व ॲल्युमिनियम यांचे तुकडे ८८ अंश तापमानाच्या द्रवात ३३६ तास ठेवून त्यांची झीज तोलली जाते. जुन्या गाडीच्या मालकाने यांतील डाखाचा आकडा विशेष पाहावा.

रंगावरून द्रव ओळखण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि ती विश्वसनीय नाही. हिरवा किंवा निळा म्हणजे पारंपरिक, नारिंगी किंवा लाल म्हणजे सेंद्रिय, असा ढोबळ संकेत असला तरी रंग हा केवळ वरून घातलेला असतो व त्याला कोणत्याही सर्वमान्य मानकाचा आधार नाही. अमेरिकन नारिंगी द्रव आणि जपानी लाल द्रव दिसायला जवळचे असले तरी त्यांची रचना भिन्न असते. ‘सर्व गाड्यांसाठी, सर्व रंगांशी जुळणारा’ असे लिहिलेले द्रव बहुधा सेंद्रिय किंवा संकरित असतात. दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यास क्षरणरोधकांचे आयुष्य घटते आणि काही वेळा जेलीसारखा गाळ तयार होऊन नळ्या बुजतात.

पाणी, प्रमाण आणि भरणी

दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे पाणी बहुतांशी कठीण असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा फॉस्फेट-सिलिकेटांशी संयोग होऊन खपली बनते, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वापरणे श्रेयस्कर. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे पाणी या कामास चालते. उष्ण प्रदेशात एक तृतीयांश ते निम्मे एवढे द्रवाचे प्रमाण पुरेसे असते. त्याहून बरेच कमी ठेवल्यास गोठण्याचा धोका नसला तरी क्षरणरोधक अपुरे पडतात. आधीच पाणी मिसळून विकल्या जाणाऱ्या द्रवात पुन्हा पाणी घालू नये.

पूर्वी केवळ पाणी वापरलेल्या गाडीत नवा द्रव भरण्यापूर्वी यंत्रणा धुऊन घ्यावी लागते. रेडिएटरच्या तळाची तोटी उघडल्याने ब्लॉकमधील पाणी निघत नाही, त्यासाठी ब्लॉकवरील वेगळी तोटी उघडावी लागते आणि ती गाळाने बुजलेली असण्याचा संभव मोठा. आत उरलेले पाणी नव्या मिश्रणाला पातळ करते. यावर उपाय म्हणजे यंत्रणेच्या एकूण क्षमतेवरून हिशेब करून आधी संहत द्रव व मग पाणी भरणे. उदाहरणार्थ, ८ लिटरच्या यंत्रणेत निम्म्या प्रमाणासाठी ४ लिटर संहत द्रव लागतो, मग बाहेर निघालेले पाणी कितीही असो. भरताना हीटरची झडप उघडी ठेवल्यास हवेचे बुडबुडे अडकत नाहीत.

नवा द्रव भरल्यावर कोरडे दिसणारे सांधे पाझरू लागतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे, पण दोष द्रवाचा नसतो. ग्लायकॉलचे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा बारीक फटींत सहज शिरते आणि फटी बुजवून बसलेला गंज धुऊन निघालेला असतो. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा चालकांचा जुना तोडगा गळतीबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतो. गाडी घरापर्यंत आणण्यापुरतेच त्याचे मोल.

कालांतराने ग्लायकॉलचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ले तयार होतात. द्रवाचा सामू ७ च्या जवळ आल्यास, तो तपकिरी झाल्यास किंवा त्यात गाळ दिसल्यास दोन वर्षांची वाट न पाहता तो बदलावा. हायड्रोमीटरने केवळ ग्लायकॉलचे प्रमाण कळते, क्षरणरोधक शिल्लक आहेत की नाहीत हे कळत नाही.

विषारीपणा

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व अत्यंत विषारी आहे. यकृतात त्याचे रूपांतर होत होत शेवटी ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. आरंभीची लक्षणे दारूच्या नशेसारखी असल्याने निदानास उशीर होतो. फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेले इथेनॉल हे त्यावरील उतारे असून ते लवकर मिळाले तरच मूत्रपिंडे वाचतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक असते. काही उत्पादक द्रवात अतिकडू पदार्थ मिसळतात, परंतु सर्वच डब्यांत तो असतो असे नाही. लहान मुले व पाळीव जनावरे असलेल्या घरी प्रॉपिलीन ग्लायकॉलवर आधारित द्रव निवडला जातो. त्याची विषारता पुष्कळच कमी आहे, मात्र त्याचे प्रमाण मोजण्यासाठी इथिलीन ग्लायकॉलचा हायड्रोमीटर चालत नाही. काढलेला जुना द्रव तांबे व शिसे यांनी दूषित झालेला असतो. तो गटारात किंवा झाडांच्या मुळाशी न ओतता झाकणबंद डब्यात साठवून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा लागतो. शीतपेयाच्या बाटलीत तो कधीही भरू नये.