निवळ पाण्यातील महसीर : गळाच्या मासेमारीच्या इतिहासाची साधने

दसरा उलटला की सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांचे पाणी निवळू लागते. फाल्गुन-चैत्रापर्यंत प्रवाह इतका रोडावतो की नदी म्हणजे एकामागून एक असे डोह आणि त्यांना जोडणारी, खडकांवरून झिरपणारी पाण्याची बारीक धार, एवढेच तिचे रूप उरते. पावसाळ्यात दूरवर पांगलेले मोठे महसीर या दिवसांत डोहांच्या आश्रयाला येतात. तळाचा गोटा न् गोटा दिसावा अशा पाण्यात त्यांचे थवे उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. पाहणाऱ्यास वाटते की हा मासा आता सहज हाती लागेल. गळाने मासे धरणाऱ्याचा अनुभव मात्र नेमका उलट आहे. मासा जितका स्पष्ट दिसतो तितकाच त्यालाही माणूस स्पष्ट दिसतो, आणि वर्षातील सर्वांत कठीण मासेमारी ती हीच ठरते.

या कठीणपणाची कारणे माशाच्या शरीरधर्मात आहेत. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखालील डोळ्यास वरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल गवाक्षातून दिसते. काठावर ताठ उभा असलेला मनुष्य या गवाक्षात ठळकपणे येतो. दूर आणि वाकून बसलेला मनुष्य त्याच्या कडेला दबून जातो. काठावरच्या पावलाचा हादरा माशाला अंगावरील पार्श्वरेषेच्या योगे कळतो. महसीराच्या जबड्यात दात नसले तरी घशातील दात खेकडे व शिंपले भरडण्याइतके बळकट असतात. म्हणून गळ मजबूत हवा, दोरी मात्र नजरेस न पडेल इतकी बारीक हवी, असा पेच उभा राहतो. हा पेच सोडविण्यासाठी माशाच्या सवयींचे सूक्ष्म निरीक्षण अपरिहार्य होते, आणि त्या निरीक्षणाच्या लेखी खुणा हीच या विषयाच्या इतिहासाची साधने होत.

त्यांतील एक प्राचीन आणि महत्त्वाचे साधन म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील प्राचीन मराठी पदांमुळे परिचित आहे. याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय आहे. समुद्रातील व नद्यांतील माशांच्या सुमारे ३५ जाती, त्यांचे सखवल्य आणि खवलेरहित असे भेद, कोणत्या जातीस कोणते खाद्य रुचते, गळ, दोरी व काठी कशी असावी, या साऱ्याचा विचार त्यात केलेला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायाचे विवेचन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचे शास्त्रीय महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानात आले. जातीजातीला वेगळे खाद्य देण्याची जी पद्धत त्यात वर्णिली आहे, तिच्यामागे माशाला फसविण्यापूर्वी त्याला ओळखले पाहिजे ही दृष्टी आहे. तथापि हा ग्रंथ राजाच्या करमणुकीचा आहे. माशांची ही माहिती राजसभेत निर्माण झाली नसणार. ती ज्यांनी नदीत उभे राहून मिळविली, त्यांचा स्वतःचा शब्द या ग्रंथात उमटलेला नाही.

हाच अनुभव सात शतकांनंतर पुन्हा येतो. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची माहिती गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी येथील माशांचे वर्णन १८३९च्या सुमारास प्रसिद्ध केले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीरास त्यांनी ‘खुद्री’ हे जातिनाम दिले. ‘कोळस’, ‘नुकटा’, ‘पोटाइल’ यांसारखी त्यांनी योजिलेली इतर नावेही थेट स्थानिक बोलीतून लॅटिन नामावलीत गेली. मासे धरणाऱ्यांनी दिलेली नावे जगभरच्या शास्त्रात टिकली. नावे देणारे मात्र अनाम राहिले.

१८७३ साली मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ मंगळूर येथे प्रसिद्ध झाला आणि महसीराच्या गळमारीस पाठ्यग्रंथ मिळाला. या परंपरेत निवळ पाण्यासाठी जे नियम रूढ झाले ते मुख्यतः संयमाचे आहेत. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्या मागून जावे. पाण्यावर सावली पडू देऊ नये. पहाटे वा तिन्हीसांजेला, डोहाच्या मुखाशी जेथे पाणी फेसाळते तेथे, दुरून आमिष टाकावे. १९४६ मध्ये म्हैसूरचे व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत गळाने धरलेला १२० पौंडांचा महसीर हा या परंपरेचा गाजलेला विक्रम होय.

परंतु याच काळातील कागदपत्रांत निवळ पाण्याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. जे आटलेले पाणी गळाला दुर्घट, तेच विषाला आणि सुरुंगाच्या दारूला अत्यंत सुलभ असते. कोंडलेल्या डोहात गेळफळासारखी विषारी फळे कुटून टाकली किंवा एक स्फोट केला, तर लहानमोठा सारा थवा एकदम वर येतो. त्यासाठी माशाची कोणतीही ओळख लागत नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७३च्या आपल्या अहवालात अशा विध्वंसक रीतींची चर्चा केली, आणि १८९७च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमाने स्फोटके व विष यांचा वापर दंडनीय ठरविला. मात्र या कायद्यामागे केवळ राज्यकर्त्यांचीच दूरदृष्टी होती असे समजणे एकांगी होईल. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या नावाने, तसेच देहूस इंद्रायणीच्या डोहात, मासे न धरण्याचा दंडक लोकांनी श्रद्धेने पाळला. नदी आटते तेव्हा माशांचे बीज जेथे तगून राहते नेमके तेच डोह राखले जावेत, यात परिणामतः मोठे शहाणपण आहे.

वाळणकोंडाचे दृश्य आणखी एका दृष्टीने बोलके आहे. तेथे पाणी निवळ असून काठावर माणसे उघड उभी असतात, तरीही मासे दूर पळत नाहीत. खाद्य टाकताच ते थेट पायाशी येतात. यावरून असे म्हणता येते की महसीराचा बुजरेपणा हा सर्वस्वी उपजत नव्हे. तो पुष्कळ अंशी माणसाच्या वागणुकीतून घडलेला आहे. ‘मत्स्यविनोदा’तील खाद्याचा उपचारही याच गुणावर आधारलेला होता. फरक एवढाच की तेथे विश्वासाच्या शेवटी गळ होता.

अलीकडचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. धरणांमुळे खालच्या पात्रांतील प्रवाह आटला. महसीर वाचावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात कृत्रिम प्रजनन सुरू झाले, आणि १९७०च्या दशकापासून तेथील ‘खुद्री’ महसीराचे बीज अन्य प्रांतांत, कावेरीतही, गेले. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मात्र त्यानंतर विरळ होत गेला. ही घट उघडकीस आली ती गळमारीच्या तळांवरील नोंदवह्यांमुळे. १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासून २०१५ मध्ये संशोधकांनी दाखविले की आगंतुक महसीर वाढत गेला आणि कुबडा लोपत चालला. या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. काबिनीतील तो प्रचंड मासा याच जातीचा मानला जातो. म्हणजे दीड शतकभर ज्याच्या शिकारीची वर्णने लिहिली गेली, त्याचे नाव ठरेपर्यंत तो नाहीसा होण्याच्या बेतास आला होता.

राजाचा ग्रंथ, अधिकाऱ्याचा अहवाल आणि हौशी मंडळींची नोंदवही ही या इतिहासाची लिखित साधने होत. तिन्ही उपयुक्त आहेत, तिन्ही काठावरून लिहिलेली आहेत. भोई-कोळ्यांच्या बोलीतील माशांची नावे, डोहांची नावे, राखीव कोंडांचे दंडक आणि ते मोडल्याच्या हकीकती हे चौथे साधन अद्याप बव्हंशी असंकलित आहे. नामशास्त्र, बोलीविज्ञान आणि स्थानिक इतिहास यांच्या अभ्यासकांना ते एकत्रच हाताळावे लागेल. डोह गाळाने भरतात वा धरणाखाली जातात, तेव्हा त्यांच्या नावांचाही लोप होतो. म्हणून हे संकलन नदीकाठची वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच होणे अगत्याचे आहे.