जेरुसलेमच्या सभेने उघडे ठेवलेले दार

ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगी आपल्या देवळाचा पाया कोणी घातला, पहिली मिस्सा कोणी अर्पिली, याचे स्मरण आपण भक्तिभावाने करीत आहो. ते योग्यच होय. परंतु त्या दगडी पायाखाली आणखी एक पाया आहे. तो इ. स. ४९ च्या सुमारास जेरुसलेम नगरीत घातला गेला. त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, या हेतूने आम्ही हा अल्प लेख लिहिण्याचे योजिले आहे. आपण जन्माने इस्राएलवंशी नाही. आपल्या पूर्वजांची सुंता झाली नव्हती. मोशेच्या नियमशास्त्रातील भोजनाचे निर्बंधही त्यांनी कधी पाळले नव्हते. असे असता केवळ पाणी व पवित्र आत्मा यांच्या योगे ते देवाच्या घरात कसे घेतले गेले? आज हा प्रश्न कोणास पडत नाही. पहिल्या ख्रिस्ती पिढीस मात्र तो पडला, आणि त्यावरून ख्रिस्तसभा दुभंगते की काय, अशी वेळ आली.

सुंतेचा आग्रह धरणारे लोक हट्टी किंवा दुष्ट होते, असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्या दृष्टीने सुंता ही नुसती चाल नव्हती. देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची ती देहावरील खूण होती. इ. स. पूर्वी १६७ च्या सुमारास अंतियोख एपिफानेस राजाने तिजवर बंदी घातली, तेव्हा आपल्या बालकांची सुंता करविणाऱ्या मातांस प्राणास मुकावे लागले, हे मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात वाचावयास मिळते. फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणारे बेने इस्राएल लोक शतकानुशतके मराठी बोलत व शेजाऱ्यांसारखेच राहत आले. तरी शनिवारचा विसावा व मुलाची सुंता त्यांनी सोडली नाही. लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. ज्या खुणेने एवढी निष्ठा जागविली, ती नसलेला मनुष्य आपला भाऊ कसा, असे त्या काळच्या धर्मनिष्ठ यहुद्यांस वाटले, तर त्यात नवल नाही.

वादाचे बीज कैसरियात पडले. तेथील कर्नेल्य नावाचा रोमन शतपती व त्याच्या घरी जमलेले लोक संत पेत्राचे बोल ऐकत असतानाच पवित्र आत्मा त्यांजवर उतरला, आणि सुंता न झालेल्या त्या माणसांस स्नानसंस्कार देण्याची पेत्राने आज्ञा केली. पुढे सीरियातील अंत्युखिया नगरात, जेथे शिष्यांस प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले, परराष्ट्रीय लोक मोठ्या संख्येने श्रद्धा ठेवू लागले. तेव्हा यहूदियाकडून आलेल्या काही जणांनी त्यांस बजावले की, सुंता केल्यावाचून तुमचे तारण व्हावयाचे नाही. संत पौल व बर्णबा यांनी या शिकवणीस कसून विरोध केला. अखेरीस त्या दोघांस व इतर काहींस जेरुसलेमास प्रेषित व वडील यांजकडे पाठविण्याचे ठरले. वाद पेटला असता कोणी वेगळी चूल मांडली नाही. सर्वांनी मिळून निर्णय मागितला, ही गोष्ट आम्हांस मोठी बोधप्रद वाटते.

सभेत पुष्कळ वादविवाद झाला. परूशी पंथातून आलेल्या श्रद्धावंतांनी आपली बाजू मांडली. नंतर पेत्र उठला. देवाने परराष्ट्रीयांत व आपणांत काही भेद ठेवला नाही; जे जू आपल्या वाडवडिलांस व आपणांस पेलले नाही, ते या शिष्यांच्या मानेवर का ठेवावे, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. शेवटी त्याने जे सांगितले, त्यात सगळे मर्म आहे. परराष्ट्रीयांनी आपणांसारखे व्हावे, असे तो म्हणाला नाही. उलट, आपणही त्यांच्याप्रमाणेच प्रभू येशूच्या कृपेने तरतो, असे त्याने म्हटले. सभा स्तब्ध झाली. मग बर्णबा व पौल यांनी आपले अनुभव कथन केले आणि जेरुसलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने आमोस संदेष्ट्याचा आधार देऊन निर्णय सुचविला. सुंतेची सक्ती करू नये. मात्र मूर्तींस वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी व व्यभिचार ही वर्ज्य करावी, असे ठरले. यांतील अन्नाचे नियम दोन्ही प्रकारच्या श्रद्धावंतांस एका पंक्तीस बसता यावे म्हणून होते, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. निर्णयाचे पत्र घेऊन यहूदा बर्सब्बा व सीला हे अंत्युखियास गेले, आणि ते ऐकून तेथील मंडळीस आनंद झाला.

परंतु तत्त्व मान्य करणे निराळे आणि पंक्तीस बसणे निराळे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडील माणसे येताच तो भीतीने बाजूस सरला, आणि बर्णबाही त्या ओढीत सापडला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्रास बोल लावला. हा प्रसंग पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतः सांगितला आहे. ख्रिस्तसभेने तो झाकून ठेवला नाही. तो आजही आपल्या देवळांत वाचला जातो. पौल हा सुंतेचा द्वेष्टा होता, असे मात्र कोणी समजू नये. तीमथ्याची आई यहुदी होती; यहुद्यांस अडखळण होऊ नये म्हणून पौलाने त्याची सुंता करविली. तीत हा ग्रीक होता. त्याच्यावर सक्ती होऊ लागताच पौल एक पाऊलही मागे हटला नाही. प्रीतीस्तव त्याने खूण स्वीकारली. तारणाची अट म्हणून ती मान्य केली नाही.

मग सत्कर्मांस काही किंमत नाही काय? पौलाचा युक्तिवाद असा की, अब्राहाम सुंतेपूर्वीच आपल्या श्रद्धेमुळे नीतिमान गणला गेला. परंतु त्याच पौलाच्या मते जी श्रद्धा प्रीतीच्या द्वारे कार्य करते, तीच खरी. कृत्यांवाचून श्रद्धा निर्जीव आहे, ही याकोबाच्या पत्राची शिकवण याच्याशी विसंगत नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ साली हेच विशद केले की, आरंभ देवाच्या कृपेने होतो आणि मनुष्य त्या कृपेस साथ देतो. ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात ख्रिस्ती लोक एकमेकांपासून दुरावले, त्याच्या मूलभूत सत्यांविषयी कॅथॉलिक व लूथरपंथीय यांनी १९९९ साली आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

दुसऱ्या टोकास जाणारेही निघाले. दुसऱ्या शतकात मार्सियन याने जुना करारच टाकून दिला, इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्यास दूर केले. त्याच शतकातील संत जस्टिन याने मध्यम मार्ग दाखविला. जो यहुदी ख्रिस्ती नियमशास्त्र पाळतो, पण इतरांवर ते लादीत नाही, त्यास बंधू मानावे, असे त्याचे मत होते.

वाचकहो, ते दार त्या दिवशी उघडे राहिले, म्हणून आज आपण या वेदीभोवती जमलो आहो. आपणांपैकी कोणी आपल्या पुण्याईने आत आला नाही. तेव्हा जात, भाषा, मान, घराण्याची चाल यांपैकी एखादी गोष्ट आपणच नव्या येणाऱ्याच्या वाटेत सुंतेसारखी आडवी घालीत नाही ना, हे ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. पेत्रासारखा प्रेषितही पंक्तीवरून उठला होता. मग आपण सावध राहणेच बरे. आणि कोणी पौलासारखा आपली चूक दाखविली, तर ती नम्रपणे सुधारण्याची बुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.