कान आधी सांगतो, बाकीचे नंतर कळते : आनुवंशिक बहिरेपणाच्या निदानाचा इतिहास

बाळाला ऐकू येत नाही असा संशय येतो. बेरा टेस्ट होते, श्रवणयंत्र बसते, कॉक्लिअर इम्प्लांटची चर्चा सुरू होते. घरच्यांना वाटते, निदान झाले. बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरेही असते. पण काही मुलांमध्ये बहिरेपणा हे एका मोठ्या आजाराचे फक्त पहिले लक्षण असते. दुसरे लक्षण डोळ्यात, हृदयात, मूत्रपिंडात किंवा थायरॉईडमध्ये दिसते, तेही कधी कधी अनेक वर्षांनी. अशा एकत्र येणाऱ्या लक्षणांच्या गटाला सिंड्रोम म्हणतात.

दर हजार नवजात बाळांमागे साधारण एक ते दोन बाळांना लक्षणीय बहिरेपणा असतो. यातल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांमध्ये कारण आनुवंशिक असते, आणि आनुवंशिक कारण असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलांचा बहिरेपणा सिंड्रोमचा भाग असतो. असे ४०० हून अधिक सिंड्रोम आजवर नोंदले गेले आहेत. त्यातल्या दोघांचा इतिहास आज पाहू. जनुकीय चाचणी नेमकी कशासाठी करायची, हे त्यातून चांगले समजते.

बर्लिन : कान आणि डोळ्याचा पडदा

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचे साधन, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणले. तोवर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा नीट पाहण्याची सोयच नव्हती. पुढच्या काही वर्षांतच, १८५८ मध्ये, बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी बहिरेपणा आणि पडद्यावर काळे डाग पडून कमी होणारी दृष्टी एकत्र असल्याची नोंद केली. १८६१ मध्ये त्यांचे शिष्य रिचर्ड लीब्राइख यांनी बर्लिनमधल्या कर्णबधिरांचे डोळे तपासले. पडद्याचा हा विकार त्यांच्यात वारंवार सापडला. शिवाय तो भावंडांमध्ये आणि नात्यात लग्न झालेल्या आईवडिलांच्या मुलांमध्ये जास्त दिसत होता. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा प्रसिद्धही झाले नव्हते!

१९१४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी ६९ रुग्णांचा अभ्यास करून हा आजार घराण्यातून येतो हे ठामपणे मांडले. त्यांच्या नावावरून याला अशर सिंड्रोम म्हणतात.

याच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः पूर्ण बहिरे असते. आतील कानातला तोल सांभाळणारा भागही काम करत नाही, म्हणून मूल उशिरा चालते, बरेचदा दीड वर्षानंतर. वयाच्या दहा वर्षांच्या आसपास किंवा त्याआधी रातांधळेपणा सुरू होतो. मग बाजूचे दिसणे कमी होत जाते आणि नळीतून पाहिल्यासारखी नजर उरते. दुसऱ्या प्रकारात बहिरेपणा मध्यम ते तीव्र असतो, चालणे वेळेवर येते आणि डोळ्यांचा त्रास साधारण किशोरवयात सुरू होतो.

जुन्या काळात या मुलांचे काय होत असेल याचा विचार करा. मूल कर्णबधिरांच्या शाळेत जाते, हातांच्या खुणांची भाषा शिकते, ओठ वाचायला शिकते. म्हणजे कानाचे सगळे काम ते डोळ्यांवर टाकते. आणि मग संध्याकाळी त्याला ठेचा लागू लागतात. निदान होते तेव्हा त्याची तयारी करायला फार उशीर झालेला असतो.

नॉर्वे : कान आणि हृदय

१८५६ मध्ये मायस्नर नावाच्या जर्मन लेखकाने लाइपझिगच्या कर्णबधिर शाळेतल्या एका मुलीची हकीकत लिहून ठेवली. किरकोळ चुकीसाठी तिला शाळाप्रमुखांपुढे बोलावले होते. ती तिथेच कोसळली आणि मरण पावली. आईवडिलांना कळवले तेव्हा त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण त्यांची आणखी दोन मुले अशीच अचानक गेली होती. कारण मात्र कुणालाच सांगता आले नाही. ईसीजी यायला अजून जवळपास अर्धे शतक बाकी होते.

१९५७ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर अँटन जर्वेल आणि फ्रेड लँग-नील्सन यांनी एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. आईवडिलांना नीट ऐकू येत होते. सहापैकी चार मुले जन्मतः बहिरी होती आणि त्यांना बेशुद्ध पडण्याचे झटके येत. त्या चौघांपैकी तिघे चार, पाच आणि नऊ वर्षांचे असताना अचानक दगावले. या मुलांच्या ईसीजीमध्ये क्यूटी नावाचे अंतर फार लांबलेले होते. सोप्या शब्दांत सांगायचे तर, प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ लागत होता. अशा हृदयाची लय धावपळ, भीती किंवा राग यांमुळे एकदम बिघडू शकते.

हा सिंड्रोम दुर्मीळ आहे, पण ओळखला नाही तर जिवावर बेततो. त्यातला झटका फिटसारखा दिसतो. त्यामुळे अशा मुलांना वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या दिल्या गेल्याची उदाहरणे जगभर आहेत.

१९९० चे दशक : जनुके सापडतात

१९९५ मध्ये अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकाराचे एक मुख्य जनुक, मायो-सेव्हन-ए, सापडले. ते सापडायला एका उंदराची मदत झाली. डोके हलवत गोल गोल फिरणारा, बहिरा असा हा 'शेकर' उंदीर प्रयोगशाळांत कित्येक वर्षे माहीत होता. त्याच्यातही तेच जनुक बिघडलेले निघाले.

१९९७ मध्ये जर्वेल आणि लँग-नील्सन सिंड्रोमची जनुके सापडली, आणि कान व हृदय यांचे कोडे सुटले. ही जनुके पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारा एक दरवाजा तयार करतात. हृदयात या दरवाजामुळे ठोक्यानंतर पेशी पूर्वस्थितीला येते. आतील कानात याच दरवाजातून पोटॅशियमने भरलेला द्रव तयार होतो, आणि त्याशिवाय ऐकू येत नाही. दरवाजा एकच, पण तो बिघडला की दोन्ही ठिकाणी काम अडते.

सुरुवातीला एकेक जनुक वेगळे तपासावे लागे. त्यात खूप वेळ आणि पैसा जाई. २०१० नंतर रक्ताच्या किंवा लाळेच्या एका नमुन्यातून बहिरेपणाशी संबंधित शंभराहून अधिक जनुके एकदम वाचता येऊ लागली. निदानाचे वय यामुळे बदलले. अशर सिंड्रोम पूर्वी रातांधळेपणा आल्यावर कळायचा, आता तो पाळण्यातल्या बाळातही कळू शकतो.

लवकर कळून काय होते?

अशर सिंड्रोममध्ये पडद्याचा विकार थांबवणारा खात्रीचा उपचार आज नाही. पण आधी कळले तर दोन्ही कानांचे कॉक्लिअर इम्प्लांट वेळेत करता येते, म्हणजे नजर कमी होईल तेव्हा मुलाकडे ऐकणे आणि बोलणे असते. शिक्षणाची आखणीही आधीपासून करता येते. हृदयाच्या सिंड्रोममध्ये बीटा ब्लॉकर गोळ्या, काही मुलांना छातीत बसवायचे यंत्र, आणि क्यूटी वाढवणारी काही अँटिबायोटिक्स व उलटीची औषधे टाळणे, याने जीव वाचू शकतो. ऑपरेशनच्या भुलेतही जास्त खबरदारी घेता येते.

"आमच्या घराण्यात कुणीच बहिरे नाही, मग आनुवंशिक कसे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नॉर्वेतल्या त्या आईवडिलांनाही ऐकू येत होतेच. या दोन्ही सिंड्रोममध्ये आई आणि वडील दोघेही बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत बाळगून असतात आणि त्यांचे स्वतःचे कान चांगले असतात. दोन्ही बिघडलेल्या प्रती बाळाला मिळण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. पहिल्या मुलाला झाला म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलांशी लग्ने आपल्याकडे होतात. अशा नात्यात दोघांकडे एकच बिघडलेले जनुक असण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा दोष नाही. सुनेला तर मुळीच बोल लावू नये, कारण एक प्रत वडिलांकडूनही आलेली असते.

चाचणीला मर्यादाही आहेत. अहवाल नॉर्मल आला म्हणजे कारण आनुवंशिक नाहीच असे होत नाही. कधी अहवालात असा बदल सापडतो की त्याचा अर्थ आज नक्की सांगता येत नाही. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलणे आवश्यक आहे.

पालकांनी काय करावे?

- जन्मतः तीव्र बहिरेपणा असलेल्या प्रत्येक मुलाचा एक साधा ईसीजी करून घ्या, इम्प्लांटच्या ऑपरेशनआधी तर नक्कीच. क्यूटी लांबलेले निघाले तर आईवडील आणि भावंडांचाही ईसीजी करा.
- कर्णबधिर मूल पळताना, घाबरल्यावर किंवा रागात बेशुद्ध पडले, तर फिट समजून थांबू नका. हृदयाची तपासणी करून घ्या.
- मूल उशिरा बसले, उशिरा चालले किंवा अंधारात अडखळत असेल, तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी करा. सुरुवातीला पडदा नॉर्मल दिसू शकतो, म्हणून ती पुन्हा करावी लागते.
- गळ्यावर सूज, लघवीतून रक्त, कानाजवळ लहान छिद्र, कपाळावर पांढरी बट यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- पुढच्या मुलाचा विचार असेल तर त्याआधीच पहिल्या मुलाची जनुकीय चाचणी करून घेणे सोयीचे ठरते.

लाइपझिगच्या त्या मुलीच्या घरी आधीच दोन मृत्यू झाले होते आणि आईवडिलांनी ते सांगितलेही होते. त्या काळी त्या माहितीचा उपयोग करता येत नव्हता. आज करता येतो. म्हणून डॉक्टरांनी घरातला इतिहास विचारला की नात्यातले लग्न, लहानपणी गेलेले मूल, कुणाचा रातांधळेपणा, यातले काहीही संकोच न करता सांगा.