धावपट्टीवरच्या खाचांची कुळकथा

मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिच्या रुंदीच्या दिशेने शेकडो समांतर, बारीक खाचा पाडलेल्या असतात. अमेरिकी प्रमाणानुसार त्यांची रुंदी व खोली प्रत्येकी सुमारे ६ मिलिमीटर आणि लगतच्या दोन खाचांच्या मध्यांमधील अंतर सुमारे ३८ मिलिमीटर असते. प्रवाशाच्या नजरेस सहसा न पडणाऱ्या या रेघांचे कुळ पाऊस आणि वेग यांच्या संघर्षात सापडते.

विमानोड्डाणाच्या आरंभकाळात बांधीव धावपट्टी क्वचितच असे. वैमानिक गवताळ मैदानावर वाऱ्याच्या दिशेस तोंड करून उतरत, आणि लंडनचा क्रॉयडन विमानतळ तर १९५९ मध्ये बंद होईपर्यंत गवताचाच राहिला. मुंबईत जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असल्यामुळे, जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या हवाई टपालसेवेला त्या महिन्यांत पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. काँक्रीट आणि डांबर आल्यावर चिखलाचा प्रश्न मिटला, परंतु पाणी मुरेनासे झाले आणि सपाट, कठीण पृष्ठभागावर त्याचा थर साचू लागला.

जेट विमानांचा उतरण्याचा वेग वाढल्यावर या थराचा धोका उघड झाला. वेगाने फिरणाऱ्या टायरला समोरचे पाणी वेळेत बाजूला सारता आले नाही, तर ते पाचरीसारखे टायरखाली शिरते, त्याला पृष्ठभागापासून उचलते आणि ब्रेक व दिशानियंत्रण दोन्ही निष्प्रभ होतात. या घटनेला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. पृष्ठभागाच्या या अपराधाकडे लक्ष उशिराच गेले. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे उड्डाणाच्या प्रयत्नात झालेल्या अपघातात २३ जण दगावले, तेव्हा पंखांवरील बर्फ न काढल्याचा ठपका वैमानिक जेम्स थेन यांच्यावर आला. धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फाने विमानाचा वेग रोखला होता, हे ब्रिटिश चौकशीने मान्य करून त्यांना दोषमुक्त करण्यास १९६९ साल उजाडले.

दरम्यान अमेरिकेत नासाच्या लँगली संशोधन केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या प्रचंड झोताने ढकललेल्या गाड्यावर विमानाचे टायर बसवून प्रयोग केले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूत्रानुसार, टायरमधील हवेच्या दाबाच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर्गमुळाला ९ ने गुणले की हायड्रोप्लेनिंग सुरू होण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. दाब १९६ असेल, तर हा वेग १२६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २३३ किलोमीटर येतो आणि प्रवासी जेट जमिनीला टेकतेवेळी बहुधा याहून वेगात असते.

पाण्याला टायरखालून निसटण्यासाठी वाट करून देणे हा यावरचा उपाय होता. खाचा पाडण्याची सुरुवात ब्रिटनने १९५० च्या दशकातच केली होती; नासाने व्हर्जिनियातील वॉलॉप्स येथे खाचांचे आणि बिनखाचांचे पट्टे असलेल्या धावपट्टीवर प्रत्यक्ष विमाने उतरवून त्यांची उपयुक्तता तपासली, आणि १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर अशा खाचा पाडण्यात आल्या.

तथापि खाचा एकदा पाडल्या की काम संपत नाही. विमान टेकते त्या क्षणी न फिरणारी चाके पृष्ठभागावर घासटतात व तापलेले रबर खाचांमध्ये बसत जाते; ते जोरदार जलझोताने किंवा रसायनांनी काढावे लागते. खाचांच्या कडा तुटल्या तर त्यांचे तुकडेच घातक कचरा ठरतात, आणि असा क्षुल्लक भासणारा कचरा काय करू शकतो, हे २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ दिसले: दुसऱ्या विमानातून गळलेल्या धातूच्या पट्टीने उड्डाण घेणाऱ्या कॉन्कॉर्डचा टायर फाटला आणि त्यातून ओढवलेल्या अपघातात ११३ जणांचा मृत्यू झाला.

४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीनुसार धावपट्टीची स्थिती ० ते ६ अशा अंकांत वैमानिकाला कळवली जाते. ६ म्हणजे कोरडी धावपट्टी. मुंबईत पावसाळ्यापूर्वी दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवून देखभाल केली जाते, ती याच परंपरेचा भाग होय. धावपट्टी ही विमानाच्या ब्रेकचाच उरलेला अर्धा भाग आहे, म्हणून तिच्या देखभालीसाठी गेलेले तास हा वाहतुकीतील खोळंबा नसून सुरक्षित उतरण्याची पहिली अट आहे.